दिव्यांग मुलासाठी सरकारी आरोग्य विमा: बेळगाव सीमाभागातल्या पालकांनी सुरुवात कुठून करायची

"आयुष्मान कार्ड काढलंय की, आता काय राहिलं?" असं म्हणणारे पालक आमच्या भागात पुष्कळ भेटतात. कार्ड काढलं ते बरंच केलं. मुलाला ॲडमिट करायची वेळ आली, ऑपरेशन ठरलं, तर तेच कामाला येणार आहे. पण सेरेब्रल पाल्सीच्या किंवा ऑटिझमच्या मुलाचा खर्च ऑपरेशनपुरता नसतो. आठवड्यातून दोन-तीनदा फिजिओथेरपी किंवा स्पीच थेरपी, फिट येऊ नये म्हणून रोजच्या गोळ्या, सहा महिन्यांनी तपासण्या आणि खानापूरच्या आतल्या गावातून बेळगावला यायचं भाडं. घर पोखरतो तो हा खर्च, आणि आयुष्मान कार्ड त्यातला जवळजवळ काहीच उचलत नाही.

म्हणून पहिल्यांदाच हे ठरवून टाका की एका योजनेवर भागायचं नाही. दवाखान्यात भरती व्हायच्या खर्चासाठी एक योजना आणि घरून चालणाऱ्या रोजच्या उपचारासाठी दुसरी, अशी जोडी लावायची. पहिली म्हणजे कर्नाटकातली आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक. दुसरी केंद्राच्या राष्ट्रीय न्यासाची निरामय. निरामय सगळ्या मुलांना मिळत नाही, ते पुढे येईलच. बाकीच्या योजना कुणाच्या घरी कोण नोकरीला आहे, कोण सोसायटीचा सभासद आहे, यावर ठरतात.

पण योजनेच्या आधी कागद.

नाव एकच असू दे

अर्ज नाकारला जातो तो मूल पात्र नसतं म्हणून क्वचितच. बहुतेक वेळा नावात घोळ असतो. सीमाभागात तर तो ठरलेलाच. रेशन कार्ड कन्नडमध्ये, आधार इंग्रजी आणि कन्नडमध्ये, शाळेचा दाखला मराठी शाळेचा, जन्मदाखला ग्रामपंचायतीने आपल्या मनाने लिहिलेला. आपण मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशा क्रमाने सांगतो, आणि एखाद्या कागदावर आडनाव गळून वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर राहतं. समजा आधारवर 'सार्थक परशराम पाटील' आहे, रेशन कार्डावर 'सार्थक पी' आणि दवाखान्याच्या केसपेपरवर 'सार्थक पाटील'. आपल्या लेखी तो एकच पोरगा. कॉम्प्युटरच्या लेखी तिघे.

तेव्हा आधार हा मूळ कागद धरा आणि बाकी सगळं त्याच्याशी जुळवून घ्या. पाच वर्षांखालच्या मुलाचं आधार बोटांचे ठसे न घेता निघतं. पाच वर्षं पूर्ण झाल्यावर आणि पुन्हा पंधराव्या वर्षी बायोमेट्रिक अपडेट करावं लागतं. ते राहून गेलं की कार्ड नेमकं दवाखान्याच्या खिडकीवर अडतं. मुलाच्या मुठी उघडत नसतील, ते मशीनसमोर स्थिर बसू शकत नसेल, डोळा स्कॅन होत नसेल, तर आधारमध्ये बायोमेट्रिक अपवादाची सोय आहे. केंद्रावरचा ऑपरेटर "ठसे येत नाहीत, नंतर या" म्हणाला तर अपवादाची नोंद करून घ्यायला सांगा. हे कुणी आपणहून सांगत नाही.

रेशन कार्डात मुलाचं नाव चढवलं आहे का ते आजच उघडून बघा. मोठ्या पोराचं असतं, धाकट्याचं राहून जातं, आणि आजारी असतो तो धाकटाच. नाव चढवायला ऑनलाइन खिडकी बाराही महिने उघडी असेलच असं नाही, त्यामुळे गरज पडल्यावर धावून उपयोग नाही. उत्पन्नाचा दाखला नाड कचेरीतून काढून ठेवा. ग्राम वन केंद्रातूनही अर्ज करता येतो, शहरात बेळगाव वन आहे. घरचा माणूस पुण्याला किंवा कोल्हापूरला कामाला असेल आणि तिकडेही रेशन कार्डात नाव घातलं असेल, तर दोन्हीकडे नाव ठेवू नका. एक राज्य ठरवा आणि तिथलेच कागद पक्के करा.

प्रमाणपत्र आणि यूडीआयडी

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा. त्यात २१ प्रकारची दिव्यांगता धरली आहे. जुन्या लोकांच्या डोक्यात अजून हात, पाय, डोळे, कान एवढंच बसलेलं असतं. ऑटिझम, बौद्धिक दिव्यांगता, सेरेब्रल पाल्सी, मस्क्युलर डिस्ट्रॉफी, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकल सेल, शिकण्यातली विशिष्ट अक्षमता हे सगळं त्या यादीत आहे. बहुतेक लाभांसाठी ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगता लागते.

प्रमाणपत्र आता हाताने लिहून मिळत नाही. जून २०२१ पासून ते यूडीआयडीच्या, म्हणजे दिव्यांगांच्या देशभरच्या ओळखपत्राच्या, पोर्टलवरूनच निघतं. अर्ज मोबाईलवर भरता येतो, पण फोटो आणि सही अपलोड करताना वैताग येतो, म्हणून ग्राम वनमध्ये भरलेला बरा. अर्जात दवाखाना निवडायचा असतो. हातापायाची दिव्यांगता तालुका पातळीवर तपासली जाऊ शकते. बौद्धिक दिव्यांगता, ऑटिझम, कान यांच्यासाठी मात्र मानसशास्त्रज्ञ किंवा श्रवणतज्ज्ञ लागतो, म्हणून जिल्हा रुग्णालय निवडा. बेळगावात म्हणजे सिव्हिल, कागदोपत्री बिम्स. लहान बाळाच्या कानासाठी बेरा चाचणी लागते, तिचा रिपोर्ट आधीच हातात असेल तर एक फेरी वाचते.

जाताना जुने सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून न्या. बाळंतपणाचं डिस्चार्ज कार्डसुद्धा. जन्मताना बाळ रडलं नव्हतं, काचेच्या पेटीत ठेवलं होतं, एवढी नोंद त्यात असली तरी डॉक्टरांना पुष्कळ कळतं. मुलासाठी खायला आणि दोन जोड कपडे घ्या. रांग मोठी असते. कायद्याच्या २५ व्या कलमात दिव्यांगांना तपासणीत आणि उपचारात प्राधान्य द्यावं असं म्हटलं आहे. भांडू नका, पण मूल गर्दीत बिथरत असेल तर सिस्टरना तसं सांगून आधी घ्यायला लावा. मागायला लाजायचं कारण नाही.

लहान मुलांना बऱ्याचदा कायमचं न देता मुदतीचं प्रमाणपत्र देतात, कारण वाढत्या वयात टक्केवारी बदलते. त्यावरची मुदत कॅलेंडरवर लिहून ठेवा. ती संपली की विम्याचं नूतनीकरणही अडतं.

यूडीआयडी कार्डाचे रंग टक्क्यांवर असतात: ४० च्या खाली पांढरं, ४० ते ८० च्या दरम्यान पिवळं, ८० आणि वर निळं. याच कार्डाला काही जण स्वावलंबन कार्ड म्हणतात. ते ओळखपत्र आहे, विमा नाही. त्याच नावाची एक विमा योजना २०१५ मध्ये निघाली होती, तिची माहिती अजून मोबाईलवर फिरते. तिच्या मागे लागू नका.

गावात हे सगळं जुळवायला एक माणूस नेमलेला असतो, पण फार कमी पालकांना ते ठाऊक आहे. कर्नाटकात ग्रामपंचायतीत दिव्यांगांसाठी ग्राम पुनर्वसन कार्यकर्ता असतो. पंचायतीत 'व्हीआरडब्ल्यू कोण आहे' एवढं विचारा. तालुका पंचायतीत त्याच्या वरचा कार्यकर्ता बसतो, त्याला एमआरडब्ल्यू म्हणतात. जिल्ह्याला दिव्यांग कल्याण अधिकारी आहे. व्हीआरडब्ल्यू बऱ्याचदा स्वतः दिव्यांग असतो, कागदांच्या या फेऱ्यांतून तोही गेलेला असतो. त्याच्याशी ओळख ठेवली तर अर्धं काम घरबसल्या होतं. ऑफिसच्या पाटीवर कन्नडमध्ये 'अंगविकल' किंवा 'विकलचेतन' असं लिहिलेलं दिसलं की आपलं खातं तेच.

भरतीचा खर्च: आरोग्य कर्नाटक

केंद्राची आयुष्मान भारत आणि राज्याची आरोग्य कर्नाटक २०१८ मध्ये एकत्र केली. चालवतो सुवर्ण आरोग्य सुरक्षा ट्रस्ट. बीपीएल कार्ड असेल तर कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार फुकट. एपीएलवाल्यांना पॅकेजच्या ३० टक्के रक्कम सरकार देतं, तीही वर्षाला दीड लाखापर्यंत. म्हणजे एपीएलच्या घराने कार्ड काढावं जरूर, पण त्यावर विसंबून राहू नये.

दिव्यांग मुलासाठी यातली सर्वांत मोठी गोष्ट ही की आधीपासूनचा आजार चालतो आणि पहिल्या दिवसापासून चालतो. खासगी विमा कंपन्या जन्मजात आजार म्हटलं की तोंड फिरवतात, इथे तसं नाही. कुटुंबात किती माणसं यालाही मर्यादा नाही. भरतीच्या आधीचे तीन दिवस आणि डिस्चार्जनंतरचे पंधरा दिवस औषधं-तपासण्या पॅकेजमध्ये धरतात. त्यापुढची ओपीडी, थेरपी, महिन्याची औषधं मात्र नाहीत.

लोक सर्वांत जास्त अडकतात ते रेफरलवर. तातडीचा प्रसंग नसेल तर थेट खासगी दवाखान्यात जाऊन कार्ड दाखवून चालत नाही. आधी सरकारी दवाखान्यात दाखवायचं. तिथे तो उपचार होत नसेल तर ते रेफरल लेटर देतात, ते घेऊन योजनेत असलेल्या खासगी दवाखान्यात जायचं. रेफरल न घेता मूल ॲडमिट केलं आणि नंतर चिठ्ठी आणायला पळालं की बिल आपल्या अंगावर येतं. तातडीत, म्हणजे मुलाची फिट थांबत नाही, श्वास लागतोय अशा वेळी, रेफरलसाठी थांबू नका. जवळच्या योजनेतल्या दवाखान्यात न्या, कागद मागाहून होतात.

दवाखान्यात पाऊल टाकल्यावर डॉक्टरांच्या आधी आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेने दवाखान्यात बसवलेल्या माणसाला, गाठा. त्याचं टेबल बहुधा दाराजवळ किंवा बिलिंगच्या शेजारी असतं. त्याला तीन प्रश्न विचारा: हा उपचार पॅकेजमध्ये आहे का, हा दवाखाना याच उपचारासाठी योजनेत आहे का, आणि मंजुरी आली का. दुसरा प्रश्न लोक विसरतात. एखादा दवाखाना हाडांच्या ऑपरेशनसाठी योजनेत असतो, पण मेंदूच्या ऑपरेशनसाठी नसतो. मंजुरी आली म्हणजे 'आली' असं तोंडी ऐकून थांबू नका, स्क्रीनवर बघा. इंप्लांटला किंवा औषधाला वरून पैसे मागितले तर पावती मागा आणि १०४ वर फोन करा. आरोग्य खात्याची ती हेल्पलाइन आहे. आयुष्मानसाठी देशभर १४५५५ चालतो.

रोजचा खर्च: निरामय

आता या लेखातला सर्वांत कामाचा भाग. निरामय ही राष्ट्रीय न्यासाची योजना. न्यासाचा कायदा १९९९ चा, आणि तो चारच दिव्यांगतांसाठी आहे: ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगता आणि बहुविध दिव्यांगता. डाऊन सिंड्रोमचं मूल बौद्धिक दिव्यांगतेच्या प्रमाणपत्रावर यात येतं. नुसता अंधत्वाचा, नुसता बहिरेपणाचा किंवा नुसता पोलिओचा दाखला असेल तर येत नाही. मात्र ऐकू येत नाही आणि दिसतही नाही, असं दोन्ही असेल तर बहुविध दिव्यांगतेचं प्रमाणपत्र मिळतंय का ते प्रमाणपत्र देणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डाला विचारून घ्या.

वर्षाला १ लाखापर्यंतचं संरक्षण. नोंदणीची फी बीपीएलला २५० रुपये, एपीएलला ५००. पुढच्या वर्षी नूतनीकरण बीपीएलला ५० आणि एपीएलला २५० रुपये. वयाची अट नाही, आधी वैद्यकीय तपासणी नाही, आणि कुठल्याही दवाखान्यात किंवा थेरपिस्टकडे उपचार घेता येतात, कारण पैसे आधी आपण भरायचे आणि नंतर परत मिळवायचे असा तिचा व्यवहार आहे. पैसे भरण्याआधी जिल्हा दिव्यांग कल्याण कार्यालयात एकदा विचारा की बीपीएल मुलांचा हप्ता खात्यातर्फे भरून घेता येईल का.

१ लाख हा आकडा ऐकून हुरळून जाऊ नका. ती रक्कम खात्यांत वाटलेली आहे: ऑपरेशन आणि भरती, ओपीडी आणि औषधं, चालू थेरपी, आयुर्वेदासारखे पर्यायी उपचार, प्रवास. प्रत्येकाला वेगळी मर्यादा. थेरपीचे पैसे संपले म्हणून ऑपरेशनच्या खात्यातले वळवता येत नाहीत. प्रवासाला तर वर्षाला जेमतेम १ हजार. नोंदणी झाली की त्या वर्षाचा मर्यादांचा तक्ता छापून भिंतीवर लावा, कुठल्या खात्यात किती उरले ते पेन्सिलीने लिहीत जा.

नोंदणी न्यासाच्या वेबसाईटवर होते, किंवा न्यासाकडे नोंदलेल्या संस्थेमार्फत. पहिल्यांदा करणाऱ्याने संस्थेमार्फत करावी असं मला वाटतं, कारण फॉर्म परत आला तर कुठे चुकलं ते सांगणारं कुणी असतं. लागतं ते असं: दिव्यांगता प्रमाणपत्र, मुलाचं आणि पालकाचं आधार, पत्त्याचा पुरावा, बीपीएल असेल तर रेशन कार्ड, फोटो आणि बँक पासबुक. बँक खातं मुलाच्या नावाचं किंवा आई-वडिलांपैकी एकासोबतचं जॉइंट असलेलं चांगलं. अंगठ्याचा की सहीचा, हा वाद बँकेत आधीच मिटवून टाका.

विम्याचं वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. डिसेंबरमध्ये नोंदणी केली तरी ती मार्चलाच संपते. त्यामुळे शक्यतो एप्रिल-मे मध्ये नोंदवा, म्हणजे फीचा पुरेपूर उपयोग होतो. पण मूल आजारी असेल तर एप्रिलची वाट बघत बसू नका, २५० रुपयांत काही बिघडत नाही. नूतनीकरण मार्च उजाडायच्या आत करून टाका. शेवटच्या आठवड्यात साईट रडते.

आता बिलं. क्लेम नाकारला जातो तो इथेच, म्हणून जरा बारकाईने सांगतो. थेरपिस्टची पावती अशी असते: 'फिजिओथेरपी, १० सेशन, इतके रुपये', खाली एक गिरगटलेली सही. अशी पावती पाठवली की क्वेरी येणार. पावतीवर मुलाचं पूर्ण नाव हवं, निरामय कार्डावर आहे अगदी तसंच. प्रत्येक सेशनची तारीख हवी. थेरपिस्टचा शिक्का आणि नोंदणी क्रमांक हवा. स्पीच थेरपिस्ट किंवा स्पेशल एज्युकेटर असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेचा क्रमांक. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी जोडायची, ज्यात ही थेरपी कशासाठी आणि आठवड्यातून किती वेळा, हे लिहिलेलं असतं. डॉक्टरांना ती दर काही महिन्यांनी नव्याने लिहून द्यायला सांगा, दोन वर्षांपूर्वीच्या चिठ्ठीवर आजची थेरपी पटत नाही. औषधांच्या बिलावर बॅच नंबर असतो तसलं पक्कं बिल मेडिकलवाल्याकडून घ्या, वहीच्या पानावरचं नको.

मूळ कागद पाठवण्याआधी सगळ्याचे फोटो काढून मुलाच्या नावाचा एक फोल्डर मोबाईलवर करा. क्लेम उपचार झाल्यापासून महिनाभराच्या आत पाठवायचा असं धरून चाला. तीन-चार महिन्यांची बिलं साठवून एकदम पाठवायची सवय असेल तर ती मोडा. कुरिअरची पावती जपून ठेवा. पैसे यायला वेळ लागतो, मधूनमधून विचारपूस करावी लागते, हेही खरं. पण गरीब घराला वर्षाकाठी थेरपीचे काही हजार परत मिळतात तेव्हा तो वेळ वसूल होतो.

एकच बिल दोन्हीकडे लावू नका. आरोग्य कर्नाटकमध्ये ऑपरेशन फुकट झालं असेल तर त्याचंच बिल निरामयला जात नाही. त्यानंतरची फिजिओ मात्र जाते.

घरात कोण काय करतं ते बघा

उद्यमबागेतल्या फौंड्रीत किंवा कुठल्याही कारखान्यात नोकरी असेल आणि पगार महिना २१ हजारांपर्यंत असेल तर ईएसआय, म्हणजे कामगार विमा, कापला जातो. पगाराच्या ०.७५ टक्के कामगाराकडून आणि ३.२५ टक्के मालकाकडून. बेळगावात ईएसआयचं रुग्णालय आहे. यात ओपीडी आणि औषधंही मिळतात, म्हणून दिव्यांग मुलासाठी ती फार उपयोगी. शारीरिक किंवा मानसिक व्यंगामुळे पूर्णपणे आई-बापावर अवलंबून असलेल्या मुलाला वयाची मर्यादा लागत नाही. पण त्याचं नाव आश्रितांच्या यादीत घातलेलं पाहिजे. कंपनीच्या ऑफिसात जाऊन ते बघा. लग्नाआधी नोकरीला लागलेल्या पुष्कळ जणांच्या यादीत अजून फक्त आई-वडील असतात.

मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावात, त्यामुळे आपल्याकडे दर दोन-चार घरांआड एक माजी सैनिक. त्यांच्यासाठी ईसीएचएस ही आरोग्य योजना आहे, २००३ पासून. एरवी मुलगा पंचवीस वर्षांचा झाला की त्याचं नाव कमी होतं. कायमची दिव्यांगता ४० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर ते राहतं. पॉलीक्लिनिकमध्ये यूडीआयडीची नोंद लवकर करून घ्या. पोरगा पंचविशीला आल्यावर धावपळ करण्यापेक्षा आत्ता सोपं जातं.

शेतकऱ्यांसाठी यशस्विनी. पीकेपीएस (गावची शेती पतसंस्था), दूध सोसायटी अशा ग्रामीण सहकारी संस्थेच्या सभासदाला ही घेता येते. २०१८ मध्ये बंद पडलेली ही योजना २०२२ मध्ये राज्याने पुन्हा सुरू केली. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. ग्रामीण भागात चार जणांच्या कुटुंबाला ५०० रुपये, पुढे माणशी १००. शहरी संस्थेच्या सभासदाला १०००. नोंदणी ठरावीक महिन्यांतच चालते, तारीख सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारा. एपीएल शेतकऱ्याला हिचा खरा उपयोग, कारण आरोग्य कर्नाटकमध्ये त्याला ३० टक्केच मिळतात. बीपीएल असेल तर बहुतेक वेळा हिची गरज पडत नाही.

विमा नाही, पण खर्च वाचतो

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येते. २०१३ पासून चालू आहे, जन्मापासून अठराव्या वर्षापर्यंत. हृदयाला भोक, दुभंगलेला ओठ किंवा टाळू, वळलेला पाय, जन्मजात मोतीबिंदू, बहिरेपणा असं काही आढळलं तर पुढचे उपचार मोफत करून देणं हे त्यांचं काम. मुलाला 'काही कळत नाही' म्हणून तपासणीच्या दिवशी घरी ठेवणारे पालक आहेत. नेमकं त्याच मुलाला न्यायचं असतं. अंगणवाडीच्या ताईंना आधीच सांगून ठेवा. पुढची तपासणी आणि थेरपी जिल्हा रुग्णालयाच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात होते, त्याला डीईआयसी म्हणतात. विकासात मागे पडलेलं मूल दोन वर्षांच्या आत तिथे पोचलं तर फार फरक पडतो, म्हणून 'बोलेल हो, त्याचे बाबाही उशिरा बोलले' हे आजीचं म्हणणं ऐका आणि तरीही घेऊन जा.

व्हीलचेअर, कॅलिपर, श्रवणयंत्र हे केंद्राच्या एडिप योजनेतून मिळतं. शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी तालुक्याच्या बीआरसीत (शिक्षण खात्याच्या केंद्रात) साहित्य वाटपाची शिबिरं होतात, तिथल्या बीआयईआरटी, म्हणजे दिव्यांग मुलांसाठीच्या शिक्षकांचा नंबर घेऊन ठेवा. मस्क्युलर डिस्ट्रॉफी किंवा एसएमएसारखा दुर्मिळ आजार असेल तर २०२१ च्या राष्ट्रीय धोरणाखाली ५० लाखांपर्यंत मदतीची तरतूद आहे, आणि त्यासाठी बेंगळुरूचं इंदिरा गांधी बाल आरोग्य संस्थेकडचं केंद्र गाठावं लागतं.

कोल्हापूर आणि गोवा

निपाणीवाल्याला बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ, खानापूरवाल्याला गोव्याची सवय. जायला हरकत नाही, पण पैसे कोण देणार ते आधी बघा.

महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचं ठरवलं. २०२४ च्या सुरुवातीला कर्नाटक सरकारने त्याला हरकत घेतली. राजकारण त्यांचं ते बघतील, आपण मूल ॲडमिट करायच्या आधी कोल्हापूरच्या त्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राकडून 'आमच्या गावाला आज मिळतंय का' हे विचारून घ्यायचं. १५५३८८ ही त्या योजनेची हेल्पलाइन, तिथे मराठीतच बोलता येतं. उत्तर 'हो' आलं तर उत्तम. पण या भरवशावर आरोग्य कर्नाटकचे कागद अर्धवट सोडू नका. आयुष्मान कार्ड परराज्यात चालतं असं म्हणतात, ते कुणाचं चालतं ते कुटुंब कुठल्या यादीत आहे यावर असतं, तेही आरोग्यमित्रालाच विचारा.

बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात २०१८ पासून गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लागतं, आणि गोव्याची दीनदयाळ योजना तिथल्या रहिवाशांचीच. निरामय मात्र देशभर चालते. कोल्हापूरच्या थेरपिस्टची असो की फोंड्याच्या, पावती नीट असली की झालं.

कारवार, हल्याळ, जोयडा किंवा बिदर, भालकी, औराद भागातल्या पालकांनाही हेच सगळं लागू. फक्त जिल्हा रुग्णालय आणि जिल्हा दिव्यांग कल्याण अधिकारी आपापल्या जिल्ह्याचे.

अठरा पूर्ण होण्याआधी

अठरा झाल्यावर कायद्याच्या दृष्टीने मूल सज्ञान होतं, मग ते बोलू शकत नसलं तरी. बँक, विमा, दवाखान्याची संमती, सगळीकडे आई-वडिलांची सही आपोआप चालायची बंद होते. निरामयच्या चार दिव्यांगतांमधल्या मुलांसाठी राष्ट्रीय न्यासाच्या कायद्यात पालकत्वाची सोय आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती असते, तिच्याकडे अर्ज करून आई-वडील किंवा दुसरा नातेवाईक कायदेशीर पालक होतो. समितीच्या बैठका दर आठवड्याला होत नाहीत, त्यामुळे सतरावं लागलं की जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा दिव्यांग कल्याण अधिकाऱ्याकडे फॉर्म मागा. त्याच सुमारास मुदतीचं प्रमाणपत्र नव्याने करून घ्यावं लागतं, रेशन कार्डातली नोंद आणि बँक खातंही बदलतं. ही तिन्ही कामं एकाच वर्षात लावून घेतली तर निरामयचं कार्ड आणि क्लेम मध्ये कुठे न तुटता चालू राहतात.